भरून ठेवलं

बियाण्याच्या दुकानावरची खोली, जालन्यात.
औषध चोळलेल्या सरकीचा वास जिन्यानं वर येतो
आणि तांबोळी सर फळ्यावर लिहितात :
हाहा वा मिझु ओ कुंदे ओइता.

आम्ही अकरा जणी. नऊ नर्सिंगच्या,
एक गंगासागर, बारावी राहिलेली,
एक मी, शिलाई सोडून आलेली.

सर शब्द सोलतात, हरभऱ्याचे घाटे सोलावेत तसे.
हाहा म्हणजे आई. मागच्या बाकावर कुणीतरी हसलंच.
'हसू नका. ही फक्त आपली आई.
दुसऱ्याच्या आईला हाहा म्हणालात तर चुकलं.
ती ओकासान.'
वहीत मी दोन रकाने पाडले :
माय. आईसाहेब.

मिझु पाणी. ओ हा आपला 'ला',
पण पाण्याला कोण भरतं? आपण पाणी भरतो.
म्हणून मराठीत तो गिळायचा.
क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच :
सगळं बोलून झाल्यावर कळतं, काय झालं ते.

अडलं ते ओइता.
छापील कागदावर होतं,
'पुढील उपयोगाच्या दृष्टीने क्रिया आधीच पार पाडणे.'
नऊ जणींनी पाठ केलं.
ओकु म्हणजे ठेवणे, सर म्हणाले, वस्तू ठेवतो तसं,
पण इथं वस्तू नाही, काम ठेवायचं...
'काम कसं ठेवणार, सर?' गंगासागर.

मला आमची गल्ली दिसली.
दहा दिवसांनी नळ, तोही रात्री अडीचला.
पदर खोचून माय,
दोन टाक्या, सात घागरी, कुकर,
भावाच्या लग्नात आलेली आणि कधी न वापरलेली परात,
सगळं काठोकाठ. आणि सकाळी मला :
'भरून ठेवलंय बाई. न्हाऊन घे, पण बेतानं.'
ती दळून ठेवते. निवडून ठेवते.
नर्मदाकाकूंना सांगून ठेवते, पोरगी लांब चालली म्हणून.
पासबुकात अठ्ठावीस हजार साठवून ठेवलेत तिनं;
ते मात्र कुणाला सांगून ठेवलेले नाहीत.

हात वर केला.
'सर, भरून ठेवलं.'

सर वळून आपल्याच अक्षराकडे बघत राहिले.
नागोयात तीन वर्षं साचे घासले त्यांनी.
'मला हे तिथं सहा महिने कळलं नव्हतं,' म्हणाले,
'आणि घरी रोज ऐकत होतो.'

मग कागद बाजूलाच राहिला.
ताबेते मिरु, खाऊन बघ. किइते मिरु, विचारून बघ.
शगुफ्ता म्हणाली, इत्ते मिरु.
जाऊन बघ.
त्यानंतर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही,
खाली काट्यावर पोती आपटत होती.

घरी माय विचारते, 'काय शिकायलीस गं एवढं?'
म्हटलं, तुझं वाक्य.
'माझं? मी कवा बोलले जपानीत?'
वाचून दाखवलं. मन लावून ऐकलं तिनं,
म्हणाली, 'हाहा काय, नीट सांग की.'
आता नळाला खरखर सुटली की तीच ओरडते,
'ऊठ, मिझु आलं!'
काकू भिंतीपलीकडून विचारतात, कोण आलं गं?

एक जागा वहीत मोकळीच आहे.
वाक्यात 'कुणासाठी' नाही.
सरांना विचारलं. म्हणाले, तसं लिहीत नाहीत तिकडं,
ऐकणाऱ्याला कळतं.
परीक्षेत चार पर्याय असतील,
मला एक गोल काळा करायचा आहे, बस.

पुढं कधी, तिकडं,
कुणाच्यातरी ओकासानला मी अंघोळ घालीन,
चोवीस तास येणाऱ्या पाण्यानं,
आणि निघताना हात आपसूक
एक बादली भरून ठेवील.
ती विचारील, कशाला?

तेवढं वाक्य अजून शिकायचंय.